फोनवर की समोरासमोर? सिकलसेलच्या समुपदेशनाविषयी एक अभ्यास





गेल्या अंकात आपल्या आरोग्य प्रकल्पाचा जमाखर्च छापला होता. तो वाचून दोन-तीन मंडळ्यांकडून जवळजवळ एकच प्रश्न आला. "आता डॉक्टर पडद्यावर दिसतात, फोनवर बोलतात. मग समुपदेशकाच्या जीपभाड्यावर आणि पाड्यावरच्या मुक्कामावर एवढा खर्च कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. जो देतो त्याने विचारलेच पाहिजे. एका वडीलधाऱ्या सभासदांनी मात्र उलट बाजूने लिहिले, "दुःखाची गोष्ट फोनवर सांगणे याला सेवा म्हणायचे का?" दोन्ही पत्रांना एकत्र उत्तर द्यावे म्हणून हा अभ्यास लिहीत आहे. महिला संघात, तरुण संघात किंवा घरगुती सभेत तो वाचता यावा म्हणून शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.

मी नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर, सिकलसेल असलेल्या कुटुंबांबरोबर काम करते. शिक्षणाने मी परिचारिका. समुपदेशनाचे प्रशिक्षण नंतर घेतले. खाली ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांची नावे, गावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ते का, हे पुढे कळेलच.

१. आजार समजून घेऊ

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातील तांबडी पेशी गोल, मऊ आणि लवचिक असते. बारीक रक्तवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. तिच्यात हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते, तेच प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या प्रथिनाच्या घडणीत एकच लहानसा बदल असतो. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन आपसांत चिकटते, पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिनीत अडकल्या की हातपाय, पाठ, छाती, पोट यांत असह्य वेदना उठतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कायम कमी. शिवाय प्लीहा हळूहळू निकामी होत असल्यामुळे लहान मुलांना जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो जिवावर बेततो.

या पेशींचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे. विदर्भातील काही अनुसूचित जातींमध्येही तो आढळतो. केंद्र सरकारच्या सांगण्यानुसार देशातील अनुसूचित जमातींत जन्मणाऱ्या सुमारे ८६ बालकांमागे एकाला हा आजार असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

आता तो कसा येतो ते पाहू. प्रत्येक मुलाला हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही सिकलचे असले तर मूल रुग्ण. एकच असला तर ते वाहक. वाहक सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, फुटबॉल खेळतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. एकच पालक वाहक असेल आणि दुसऱ्याकडे असा कोणताही दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची, चारांत दोन वाहकाची आणि चारांत एक पूर्ण निर्दोष मुलाची.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. कोणाच्या पापाने येत नाही, आईच्या पायगुणाने तर नाहीच नाही. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हा जनुक टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियाच्या गंभीर रूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या गोष्टीने पूर्वजांना तारले, तीच दोन्हीकडून एकत्र आली की नातवंडाला छळते. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारले. योहानाच्या नवव्या अध्यायातील ही गोष्ट मला पाड्यावर फार वेळा आठवते, कारण तिथे पहिला प्रश्न अजूनही तोच असतो.

२. समुपदेशन म्हणजे काय?

रक्ततपासणी काही मिनिटांची. बोट टोचून सोल्युबिलिटी चाचणी होते. तिच्यात दोष दिसला की रुग्ण कोण आणि वाहक कोण हे ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशी दुसरी पक्की चाचणी करावी लागते. त्यानंतर हातात एक कार्ड येते. खरे काम तिथून सुरू होते.

अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी १९४७ साली या कामाला जनुकीय समुपदेशन असे नाव दिले. त्याचा अर्थ उपदेश असा नाही. समुपदेशक चार गोष्टी करतो. आजार काय आहे ते समजेल अशा भाषेत सांगतो. या कुटुंबाला त्याचा धोका किती, ते सांगतो. पुढे कोणते मार्ग आहेत ते सगळे समोर ठेवतो. आणि जो मार्ग ते निवडतील त्यावर त्यांच्यासोबत राहतो. लग्न करा किंवा करू नका, मूल होऊ द्या किंवा देऊ नका, हे तो सांगत नाही. निर्णय त्या दोघांचा.

हे बोलणे साधे वाटते, पण त्यात काय काय गुंतलेले असते पाहा. पावरा आणि भिल्ल समाजात मुलीसाठी देज दिला जातो. लग्नानंतर ती वाहक निघाली तर "खोट असलेली मुलगी दिली" म्हणून पंचांपर्यंत भांडण जाऊ शकते. आजारी मूल होण्यासाठी नवराही वाहक किंवा रुग्ण असावाच लागतो, हे त्या गर्दीत कोण ऐकणार? एका शब्दाने घर मोडू शकते. म्हणून तो शब्द कुठे, कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या कानांदेखत उच्चारला जातो, याला महत्त्व आहे.

३. लोक काय म्हणतात

२०१९ साली सरकारची ई-संजीवनी सेवा सुरू झाली. उपकेंद्रातील आरोग्य अधिकारी रुग्णाला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलणे करून देतात. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि फोनवरच्या सल्ल्याला निश्चित नियम मिळाले. आम्हीही तेव्हापासून फोन वापरू लागलो. दरम्यान मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारत आले: "पुढचे बोलणे कसे करू? फोनवर, पडद्यावर, की मी येऊ?" त्यांनी पावरी-भिलीत दिलेली उत्तरे मराठीत सांगते.

दिवाळीनंतर सातपुड्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत जातात, ती होळीला परततात. अशा एका तरुण वाहकाने सांगितले, "रात्री नऊनंतर फोन करा. तुम्ही इथे आलात तर मुकादम विचारेल, याला काय झालंय?" त्याच्यासाठी फोन हीच सेवा होती. आम्ही महिनाभर दर रविवारी रात्री बोललो. त्याने जे प्रश्न विचारले ते समोर बसून कधीच विचारले नसते, असे तो स्वतःच म्हणाला.

एका आईचे मूल रुग्ण आहे. दुखणे उठले की त्याला जीपमध्ये दाटीने बसवून घाट उतरायचा म्हणजे दुखण्यावर दुखणे. औषधाचे प्रमाण, पाणी किती पाजायचे, पुढची रक्ततपासणी कधी, एवढ्यासाठी तिला पडदा हवा आहे. पण ती म्हणाली, "पहिल्यांदा तुम्ही आलात, चुलीजवळ बसलात, म्हणून आता फोनवरचा आवाज तुमचा आहे हे मला पटतं. नाहीतर फोनवर कोणीही बोलतं."

एका आजोबांना फोन नकोच. दोन नातवंडे आजारी असलेले ते गृहस्थ म्हणाले, "समोरच्या माणसाला मी परत बोलावू शकतो. फोनमधला माणूस गेला की गेला."

मला सर्वांत अनपेक्षित उत्तर मिळाले ते शहाद्याला वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीकडून. मला वाटले होते, ती शिकलेली, फोन हाताळणारी, म्हणून फोन मागेल. तिने फोनच मागितला, पण कारण निराळे. "आमच्या पाड्यावर येणारी ताई माझ्या मावशीच्या शेजारी राहते. मला ओळखणारं कोणी नको. लांबचं कोणीतरी द्या." जवळच्या माणसाची ऊब सगळ्यांना हवी असते असे आपण धरून चालतो. तिला दूरपणातच आधार होता.

आणि एक नवविवाहिता. तिच्याकडे फोन नाही. घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात. मी घरी गेले तर सासू बसणार. तिने स्वतःच उपाय सांगितला: "बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येते. त्या दिवशी सगळेच येतात, कोणी बघत नाही." म्हणजे तिला समोरासमोर हवे होते, पण घरी नको.

या पाच जणांची उत्तरे वेगळी असली तरी सगळ्यांचा शोध दोन गोष्टींचा आहे. बोलणारा माणूस विश्वासाचा हवा, आणि ऐकणारे कान मोजके हवेत. कोणाला ते फोनवर मिळते, कोणाला समोर. म्हणून "कोणती पद्धत चांगली" या प्रश्नाचे एक उत्तर निघत नाही. विचारावे लागते; आणि आज दिलेले उत्तर उद्या बदलू शकते, म्हणून पुन्हा विचारावे लागते.

४. फोनला काय जमते, काय जमत नाही

अमेरिकेत स्तनाच्या आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाच्या बाबतीत याची शास्त्रीय तुलना झाली आहे. २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील एकीत ग्रामीण भागातील स्त्रियाही होत्या. काहींना फोनवर समुपदेशन, काहींना समोरासमोर. समजलेली माहिती आणि मनावरचा ताण या बाबतींत फोन कमी पडला नाही. मात्र दोन्हींत फोनवर बोललेल्या स्त्रियांपैकी पुढे प्रत्यक्ष चाचणी करून घेणाऱ्या थोड्या कमी निघाल्या. समजणे आणि पाऊल उचलणे यांत अंतर असते, असा मी त्याचा अर्थ लावते.

ही गोष्ट आपल्याकडे आणताना फरक ध्यानात ठेवायला हवा. तिथे समुपदेशक आणि ऐकणारी स्त्री यांच्यात भाषेचा अडसर नव्हता. इथे फोन घरात एक, तोही पुरुषाकडे. भाषा पावरी, आणि डॉक्टर मराठी किंवा हिंदी बोलणारे. मोबाइलला रेंज टेकडीवरच्या एका ठरावीक जागी मिळते. तिथे आणखी चार जण फोन लावून उभे असतात. टेकडीवर घेतलेला फोन म्हणजे चावडीवर केलेली गोष्ट.

"चारांत एक" हे सांगणे तर फोनवर फारच अवघड जाते. पुष्कळांचा समज होतो की एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप. या समजुतीवर विसंबून पुढच्या बाळंतपणाची तयारी करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणून मी मक्याचे दाणे नेते. दोन लहान पिशव्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक पांढरा दाणा आणि एक तांबडा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा काढायचा. दोन्ही तांबडे आले तर मूल रुग्ण, एक तांबडा तर वाहक, दोन्ही पांढरे तर निर्दोष. मग दाणे आपापल्या पिशवीत परत टाकायचे आणि पुन्हा काढायचे. दहा वेळा केले की कधी लागोपाठ दोनदा तांबडे-तांबडे येतात, कधी एकदाही येत नाहीत. एका आजीने हे पाहून सांगितले, "म्हणजे पिशवीला मागचं आठवत नाही." इतके नेमके मला कोणत्या पुस्तकातून शिकवता आले नसते. आता पडद्यावर बोलणे असले तरी दाण्यांच्या पिशव्या आशाताईंकडे आधी पाठवतो, म्हणजे डॉक्टर तिकडून बोलतात आणि दाणे इकडे हातात असतात.

फोन जिथे खरोखर जीव वाचवतो तेही सांगते. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घ्यावे लागते, रक्ताची मोजणी ठरावीक काळाने करावी लागते. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात, पण गुण यायला काही महिने जातात. त्या काळात "काही फरक नाही" म्हणून औषध बंद करणारे पुष्कळ. तेव्हा दर पंधरवड्याचा दोन मिनिटांचा फोन उपयोगी पडतो. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला गर्भाची तपासणी हवी असेल तर तिथेही दिवस मोलाचे असतात. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी घातली आहे, पण आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्यास परवानगी आहे. ती गरोदरपणाच्या ठरावीक आठवड्यांतच होते आणि त्यासाठी मोठ्या शहरात जावे लागते. मोठ्या केंद्रातील तज्ज्ञाशी त्याच आठवड्यात पडद्यावर बोलणे झाले तर ते जोडपे वेळेत विचार करू शकते. त्यांनी काय ठरवावे, हे मी सांगत नाही. त्यांना माहितीच उशिरा मिळाली आणि ठरवायची संधीच गेली, असे होऊ नये एवढे मात्र पाहते.

काही गोष्टी फोनवर ठेवायच्याच नसतात. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकदम फुगून ते पांढरेफटक पडणे: यांपैकी काहीही झाले तर फोनवर सल्ला घेत बसायचे नाही, रुग्णालय गाठायचे. हे आम्ही प्रत्येक घरात चित्र काढून लावतो. दुखण्याच्या झटक्यात साधे उपाय करूनही वेदना थांबत नसतील, तरी हेच लागू.

५. आमची पद्धत

या सगळ्यांतून आमच्या गटाने पाच नियम ठरवले आहेत.

पहिला: कार्ड देण्याआधीच, तपासणीच्या वेळी, प्रत्येकाला खासगीत विचारायचे की निकाल कसा, कुठे आणि कोणासमोर हवा. उत्तर नोंदवायचे आणि पाळायचे.

दुसरा: पहिला निकाल शक्यतो समोरासमोर, आणि त्याच्या भाषेत. त्या व्यक्तीनेच दुसरे काही मागितले तर ते.

तिसरा: फोन लावल्यावर आधी तीन प्रश्न. आता बोलता येईल का? जवळ कोणी आहे का? स्पीकर बंद आहे का? सगळ्यांचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते, म्हणजे शेजारच्याला काही कळत नाही. फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचे नावसुद्धा काढायचे नाही.

चौथा: फोनवर जड गोष्ट बोललो तर त्या व्यक्तीच्या संमतीने काही दिवसांत कोणीतरी प्रत्यक्ष भेटायचे. रडणे ऐकून फोन ठेवायचा आणि मग कोणी फिरकायचेच नाही, असे होता कामा नये.

पाचवा: नवरा-बायको दोघांनाही बोलवायचे. दोष एकट्या बाईच्या पदरात पडतो तो बहुतेक वेळा एकटीशीच बोलल्यामुळे.

आता पत्रांतील प्रश्नांकडे वळते. फोनमुळे खर्च वाचतो का? वाचतो. तिसरी, चौथी, पाचवी भेट बहुतेकदा फोनवर होते. पण त्या भेटी फोनवर होतात त्या पहिल्या भेटीच्या जोरावर. पहिली भेट तोडली तर पुढचे फोन कोणी उचलणार नाही. तेव्हा जीपभाडे कमी करता येईल, बंद करता येणार नाही. आणि जे वाचेल ते पाड्यावरच राहणाऱ्या, पावरी बोलणाऱ्या बायांच्या प्रशिक्षणावर आणि मानधनावर लावावे, अशी माझी विनंती आहे.

फोनवर सांगणे ही सेवा म्हणायची का? पौलाने मंडळ्यांना पत्रे लिहिली, त्या पत्रांनीच मंडळ्या उभ्या राहिल्या. तरी भेटीची ओढ त्याच्या पत्रापत्रातून दिसते. योहानानेही आपल्या दोन लहान पत्रांच्या शेवटी, बाकीचे समोर येऊन बोलू, अशा अर्थाचे लिहिले. पत्राचे काम पत्राने केले, भेटीचे भेटीने. आमच्या कामातही तसेच आहे.

६. मंडळी काय करू शकते

आपल्या मंडळ्यांत नंदुरबार, गडचिरोली, अमरावती, चंद्रपूरकडून आलेली कुटुंबे आहेत. म्हणून हा विषय दूरच्यांचा नाही.

लग्नाच्या तयारीच्या भेटींत पाळकांनी वधू-वर दोघांनाही सिकलसेल तपासणीविषयी सांगावे. ठराव जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी. लग्नपत्रिका छापल्यावर कळले तर विचाराला जागा राहत नाही. मात्र कार्ड मागू नये, पाहू नये, मंडळीच्या नोंदवहीत लिहू नये. एकच जण वाहक असेल तर बहुधा भीतीचे कारण नसते. तरी दुसऱ्याची पक्की चाचणी झालेली असावी, कारण थॅलसेमियाचा वाहक असला तरीही मूल आजारी होऊ शकते. दोघेही वाहक असतील तर त्यांना समुपदेशकाकडे पाठवावे आणि त्यांनी ठरवलेल्या वाटेवर त्यांना एकटे सोडू नये.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आपण प्रेमाने प्रार्थनेचे विषय एकमेकांना पाठवतो. व्हॉट्सॲपच्या गटात "अमुक बहिणीच्या मुलीला सिकलसेल निघाला आहे, प्रार्थना करा" असा निरोप गेला की तो संध्याकाळपर्यंत तिच्या होणाऱ्या सासरी पोहोचतो. हेतू चांगला, परिणाम उलटा. नाव न घेता प्रार्थना करा. देव नावे जाणतो. या लेखात मी एकही नाव लिहिले नाही, त्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट देणगीची. टॅबलेट हवेतच. पण त्याआधी दार लावता येईल अशी एक खोली हवी. ज्या गावी आपली प्रार्थनागृहे आहेत तिथे आठवड्यातून एक दिवस एक खोली समुपदेशनासाठी देता आली, तर त्या नवविवाहितेसारख्या कितीतरी जणींना बोलायला जागा मिळेल. त्या खोलीच्या दारावर आजाराचे नाव लिहू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्याला गंभीर आजाराची बातमी मिळाली तर ती कोणाकडून आणि कशी कळावी असे वाटेल? आपल्या घरातील दुसऱ्या व्यक्तीचे उत्तर तेच असेल का? विचारून पाहा.

२. वसतिगृहातील मुलीने ओळखीची ताई का नाकारली? आपल्या मंडळीत कोणाला असे वाटत असेल का?

३. दोन पिशव्या आणि चार दाणे घेऊन वरील खेळ गटात करून पाहा. पिशवीला मागचे आठवत नाही, म्हणजे काय?

४. आपल्या मंडळीतील प्रार्थनेच्या विषयांबाबत कोणता नियम करता येईल?

५. लग्नाच्या तयारीत ही माहिती केव्हा आणि कोणी द्यावी?

प्रार्थनेचे विषय

होळीला परतणाऱ्या कुटुंबांसाठी, कारण त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि तपासणीला तेवढाच वेळ मिळतो. ज्या मुलांचे औषध नुकतेच सुरू झाले आहे त्यांच्या आईबापांना धीर मिळावा म्हणून. पाड्यापाड्यांतील आशाताईंसाठी, ज्यांना रोज कोणाचे तरी गुपित जपावे लागते.

आपल्या सेवेत,
सातपुडा आरोग्य प्रकल्पातील एक सेविका